विजेची उंची आणि विजेचा उतार

(नभोवाणीवरील भाषण)



चंद्रपूर आणि गडचिरोली ह्या जिल्ह्यांचें नांव निघालें म्हणजे साग-बांबूचें अरण्य, ताडोबाचा वाघ आणि वैनगंगेचें विस्तीर्ण पात्र हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. ह्या अरण्याशीं विजेचा संबंध जोडण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. वस्तुतः मनुष्यानें निर्माण केलेली वीज आणि आकाशांतून उतरणारी वीज ह्या दोघी येथें अगदीं शेजारीं नांदतात. चंद्रपुराजवळील दुर्गापूरच्या औष्णिक विद्युत्केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. मुंबई-पुण्याकडे आपल्या घरांत जो दिवा लागतो त्यांत ह्या केंद्राचा वांटा असतो. आणि त्याच भागांत, मेमध्यें तेंदूची पानें तोडण्याच्या दिवसांत व पुढें भाताच्या रोवणीच्या वेळीं, वीज पडून माणसें आणि गुरें दगावल्याच्या बातम्या वर्षानुवर्षें येत असतात.

ह्या दोन्ही विजांना एकच नियम लागू आहे, आणि तो समजून घेणें हा आजच्या भाषणाचा विषय आहे. आरंभीं एक कोडें आपणांपुढें ठेवतों. अकरा हजार व्होल्टांच्या उघड्या तारेवर कोतवाल पक्षी शेपटी हालवीत निवांत बसलेला आपण पाहिला असेल. त्याला कांहीं होत नाहीं. उलट, मोहाच्या झाडावर वीज पडली तर त्या झाडाला स्पर्शहि न केलेली, वीस-पंचवीस हात दूर चरत असलेली गाय जागच्या जागीं कोसळते. तारेवर बसलेला वांचतो आणि झाडापासून दूर असलेली मरते, हें कसें?

ह्याचें उत्तर दोन शब्दांत आहे: विभव आणि क्षेत्र. विभव म्हणजे ज्याला आपण व्यवहारांत व्होल्टेज म्हणतों तें. विद्युद्भार असलेली एखादी वस्तु घ्या. तिच्या आसपास दुसरा लहानसा भार आणून ठेवला तर त्याच्यावर जोर पडतो; सजातीय भार दूर लोटले जातात, विजातीय ओढले जातात. हा जोर अंतराप्रमाणें कसा बदलतो हें फ्रेंच शास्त्रज्ञ कूलोंब यानें १७८५ सालीं मोजून दाखविलें. भाराच्या भोंवतालच्या प्रत्येक बिंदूपाशीं हा जोर किती व कोणत्या दिशेला, हें सांगणारी राशि म्हणजे विद्युत्क्षेत्र. आतां जोराच्या विरुद्ध आपण तो लहान भार रेटीत आंत नेऊं लागलों तर आपणांस श्रम पडतील. एक एकक भार दुरून त्या बिंदूपर्यंत आणण्यास किती श्रम पडले, तो आंकडा म्हणजे त्या बिंदूचा विभव. क्षेत्र जोर सांगतें; विभव श्रमांचा हिशेब सांगतो.

ह्या दोहोंचें नातें समजण्यासाठीं झाडीपट्टींतील भातशेतीकडे पाहूं. पूर्व विदर्भांत जुने मालगुजारी तलाव आहेत. तलावाच्या पाळीवर उभें राहून खालीं पाहिलें म्हणजे भाताच्या बांध्या पायऱ्यांसारख्या उतरत गेलेल्या दिसतात. एका बांधींत पाणी संथ उभें असतें, कारण तिच्या सर्व भागांची पातळी एकच असते. ती बांधी समुद्रसपाटीपासून किती उंच आहे ह्याच्याशीं त्या पाण्याला कांहीं कर्तव्य नसतें. धुरा फोडून पाण्याला खालच्या बांधींत वाट करून दिली कीं तें धांवूं लागतें. पाण्याला हालवते ती उंची नव्हे. दोन जागांच्या उंचींतील फरक हालवतो. आणि तोच हातभर फरक शंभर पावलांवर पसरला असेल तर पाणी हळूच सरकेल, एका धुऱ्यावर एकवटला असेल तर जोरानें कोसळेल.

विभव म्हणजे विजेची उंची, आणि विद्युत्क्षेत्र म्हणजे त्या उंचीचा उतार. एक मीटर अंतर चालून गेल्यावर विभव किती व्होल्टांनीं उतरला, तेवढें तेथील क्षेत्र. म्हणून क्षेत्र मोजण्याचें माप ‘दर मीटरला इतके व्होल्ट’ असें आहे. क्षेत्राची दिशा विभव जिकडे सर्वांत वेगानें उतरतो तिकडे असते. उलट बाजूनें, वाटेवरचा उतार पावलापावलानें बेरजेंत धरीत गेलें तर दोन टोकांच्या विभवांतील फरक हातीं येतो. उंची मोजतांना आपण समुद्राची पातळी शून्य धरतों; व्होल्ट मोजतांना बहुधा जमिनीचा विभव शून्य धरतात. ती केवळ सोय आहे. खरें काम फरक करतो.

आतां एका एकट्या भाराभोंवतीं ही उंची आणि हा उतार कसा असतो तें आंकड्यांनीं पाहूं. समजा, एका लहान गोळ्यापासून एक मीटरवर विभव १०० व्होल्ट आहे. तेव्हां तेथील क्षेत्र दर मीटरला १०० व्होल्ट असतें. दोन मीटरवर गेलें तर विभव निम्मा, म्हणजे ५० व्होल्ट होतो. पण क्षेत्र चतुर्थांश, म्हणजे २५ होतें. दहा मीटरवर विभव १० व्होल्ट उरतो, तर क्षेत्र केवळ १. उलट अर्ध्या मीटरवर आलें तर विभव दुप्पट, २०० व्होल्ट. पण क्षेत्र चौपट, ४००. हा डोंगर पायथ्याशीं जवळजवळ सपाट आणि माथ्याकडे कड्यासारखा ताठ आहे. हें चित्र ध्यानांत ठेवावें. पुढें वीज पडलेल्या झाडाभोंवतीं तेंच आपणांस पुन्हां दिसणार आहे.

विद्यार्थ्यांचा येथें एक गोंधळ होतो. जेथें व्होल्टेज मोठें तेथें क्षेत्र मोठें, आणि व्होल्टेज शून्य तेथें क्षेत्रहि शून्य, असें त्यांस वाटतें. तसें नाहीं. वर सांगितलेल्या गोळ्यासारखे दोन सारखे गोळे दोन मीटर अंतरावर ठेवले आणि बरोबर मध्यबिंदु घेतला, तर तेथील विभव दोहोंचा मिळून २०० व्होल्ट होईल. परंतु क्षेत्र शून्य, कारण दोघे सारख्याच जोरानें विरुद्ध दिशांना लोटतात. दोन डोंगरांमधील खिंडीसारखी ही जागा आहे: उंचावर, तरी क्षणभर सपाट. आतां एक गोळा धन व दुसरा ऋण घ्या. मध्यावर विभव शून्य भरेल, पण क्षेत्र दर मीटरला २०० व्होल्ट असेल. डोंगराच्या माथ्यावरून दरीच्या तळाकडे जातांना वाटेंत समुद्रसपाटीची उंची लागली म्हणून तेथें उतार थांबतो असें थोडेंच आहे!

आतां कोतवालाकडे वळूं. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, दोन-चार बोटांच्या अंतरावर असतात. तार चांगली वाहक असल्यामुळें तेवढ्या अंतरांत विभवाचा उतार अगदीं नगण्य असतो. पक्षी अकरा हजार व्होल्टांच्या पठारावर बसलेला आहे, पण त्या पठाराला उतारच नाहीं. हेंच पांखरूं जर एका पंखानें दुसऱ्या तारेला किंवा लोखंडी खांबाला शिवलें, तर सगळा कडा त्याच्या अंगांतून कोसळतो. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यांत सारसासारखे लांब पंखांचे पक्षी विजेच्या तारांना बळी पडतात तें ह्याच कारणानें.

चंद्रपुराहून ठाणे जिल्ह्यांतील पडघ्यापर्यंत सुमारें ७५० किलोमीटर लांबीची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ सालीं सुरू झाली. तिची क्षमता १,५०० मेगावॅट आहे. तिची एक बाजू जमिनीहून ५ लाख व्होल्ट वर आणि दुसरी ५ लाख व्होल्ट खालीं असते. दोहोंमधील फरक १० लाख व्होल्टांचा. हा आंकडा ऐकून छाती दडपते. परंतु अशा वाहिनीचें सारें शास्त्र एका सूत्रांत सांगतां येतें: उंची भरपूर ठेवा, उतार कोठेंहि हवेला किंवा चिनीमातीला न पेलण्याइतका होऊं देऊं नका. म्हणून तारा एकमेकींपासून आणि जमिनीपासून दूर ठेवतात. खांबावर निरोधकांच्या लांब माळा टांगतात, म्हणजे ५ लाखांचा तो फरक लांब अंतरावर पसरतो. बारीक तारेच्या पृष्ठापाशीं उतार फार तीव्र होतो, म्हणून एका तारेऐवजीं तारांचा जुडगा घेतात, कीं ज्यामुळें मिळून एक जाड तार असल्याचा परिणाम साधतो. पावसाळी हवेंत अशा तारांखालीं जो सूं सूं आवाज येतो तो तारेला अगदीं लागून असलेली हवा तेवढ्या जागीं हार खात असल्याचा.

ही हार केव्हां होते? कोरडी हवा साधारणपणें दर मीटरला ३० लाख व्होल्ट इतका उतार होईपर्यंत टिकते. निरभ्र दिवशींहि आपल्या भोंवतालच्या हवेंत दर मीटरला शंभर-सव्वाशें व्होल्टांचें क्षेत्र असतें. मग उभ्या माणसाच्या डोक्यापासून पायांपर्यंत दोनशें व्होल्टांचा धक्का कां बसत नाहीं? कारण आपलें शरीर वाहक आहे. तें सर्वांगाचा विभव जमिनीइतका करून टाकतें, आणि भोंवतालची हवा इतकी निरोधक आहे कीं तिच्यांतून जवळजवळ कांहींच प्रवाह येत नाहीं.

वादळी ढगाखालीं मात्र परिस्थिति पालटते. ढगांत विद्युद्भार कसा सांचतो ह्या प्रश्नाचा अभ्यास आपल्याच देशांत एके काळीं चांगला झाला होता. जॉर्ज सिम्प्सन यांनीं सिमल्यास हवामानखात्यांत असतांना पावसाच्या थेंबांवरील भार मोजले आणि १९०९ सालीं त्यावर निबंध प्रसिद्ध केला. थेंब फुटण्यामुळें भार वेगळे होतात असें त्यांचें मत होतें. आज शास्त्रज्ञ मुख्य कारण निराळें मानतात: ढगाच्या थंड भागांत हलके हिमकण आणि जड, मऊ गारा ह्यांच्या टकरी होतात; हलके कण बहुधा धन भार घेऊन वर जातात आणि गारा ऋण भार घेऊन खालच्या भागांत राहतात. ढगाचा तळ आणि जमीन ह्यांत कोट्यवधि व्होल्टांचा फरक पडतो. जमिनीवरील क्षेत्र दर मीटरला शंभर व्होल्टांवरून दहा हजारांच्या घरांत जातें. सपाट शेतांत एकटें उभें असलेलें मोहाचें झाड जमिनीचा विभव आपल्या शेंड्यापर्यंत वर नेतें. त्यामुळें शेंड्यापाशीं समविभव पातळ्या एकमेकींवर दाटतात व उतार कित्येक पटींनीं वाढतो. उंच व निमुळती वस्तु विजेला निमंत्रण देते तें असें.

वीज झाडावर पडली कीं गोष्ट संपली असें आपणांस वाटतें. गुरांच्या दृष्टीनें ती तेथें सुरू होते. साधारण विजेचा प्रवाह ३०,००० अँपियर धरूं. हा प्रवाह बुंध्यावाटे जमिनींत शिरतो आणि चोहोंकडे पसरतो. जमीन उत्तम वाहक नाहीं, म्हणून बुंध्याभोंवतीं जमिनीच्या विभवाचा एक डोंगर क्षणभर उभा राहतो. आणि त्याचा आकार, ओल सर्वत्र सारखी धरल्यास, मघाशीं सांगितलेल्या एकट्या भाराच्या डोंगरासारखाच असतो. विभव अंतराबरोबर निम्मा होत जातो, उतार चतुर्थांश.

मध्यम ओलीची जमीन धरून हिशेब केला तर झाडापासून १० मीटरवर जमिनीचा विभव ४७,००० व्होल्टांच्या वर येतो. पाऊण मीटरचें पाऊल टाकून झाडाच्या दिशेनें तोंड करून उभ्या असलेल्या माणसाच्या दोन पायांखालील जमिनींत सुमारें ३,३०० व्होल्टांचा फरक पडेल. पाय जुळवून, दहा सेंटिमीटरच्या अंतरावर ठेवले, तर पांचशेंहून कमी. गाईच्या पुढच्या व मागच्या पायांत दीड मीटर अंतर धरलें तर ६,००० व्होल्टांवर. तेंच पाऊण मीटरचें पाऊल बुंध्यापासून दोन मीटरवर पडलें असेल तर फरक ६५,००० व्होल्टांचा. आणि ५० मीटरवर, सुमारें १४० व्होल्टांचा. गाईचें दुर्दैव असें कीं पुढच्या पायांतून मागच्या पायांत जाणारा प्रवाह तिच्या हृदयावरून जातो. माणसाच्या एका पायांतून दुसऱ्या पायांत जाणारा प्रवाह बहुतांशीं हृदयाच्या खालून जातो. म्हणून गुराखी पाय लुळे पडून पडतो व पुष्कळदां वांचतो, पण त्याचीं गुरें उठत नाहींत. नॉर्वे देशांत हार्डांगरविद्दा पठारावर २०१६ च्या ऑगस्टांत एकाच वादळांत ३२३ रेनडियर मृत्युमुखीं पडले. प्रत्येकावर निराळी वीज पडली नव्हती. जमिनीच्या उतारानें तो कळपच्या कळप मारला.

आतां रोवणीचें दृश्य डोळ्यांपुढें आणा. उघड्या बांधींत घोटाभर चिखल, दहा-वीस बायका ओळीनें ओणवून रोप लावताहेत, पाय फांकलेले, हात पाण्यांत. उतार पकडण्याची ह्याहून वाईट रीति शोधून सांपडणार नाहीं, आणि ह्या रीतीवांचून भात लावतां येत नाहीं. म्हणून तेथें ज्ञानाचा उपयोग एकच: वेळीं बांधींतून बाहेर पडणें. गडगडाट ऐकूं येऊं लागला कीं आपण विजेच्या टप्प्यांत आलों असें समजावें. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेनें तयार केलेलें ‘दामिनी’ हें मोबाइलवरील साधन आसपासच्या विजांची सूचना देतें; आपल्या गांवाकडच्या आप्तेष्टांच्या हातीं तें असेल असें पाहणें शहरांतल्या माणसास सहज शक्य आहे. आसरा पक्क्या घराचा किंवा पत्र्यानें बंद असलेल्या मोटारीचा वा बसचा घ्यावा. १८३६ सालीं फॅरडेनें बारा फूट लांबी-रुंदी-उंचीचा वाहक पिंजरा करून, त्याला बाहेरून प्रचंड विभव देऊन, आंत स्वतः राहून दाखविलें कीं आंत उतार मुळींच नसतो. एस्. टी. ची बस म्हणजे तोच पिंजरा: सगळी बस लाखों व्होल्टांवर चढली तरी आंतील उतारूंच्या डोक्यापायांत फरक पडत नाहीं. झाड, राखणीचा माळा व उघडा मांडव हे आसरे नव्हेत. उघड्यावर सांपडून दुसरा उपायच उरला नाहीं तर टाचा जुळवून उकिडवें बसावें; आडवें पडूं नये, कारण आडव्या माणसाची लांबी गाईच्या लांबीसारखीच उतार गोळा करते. एकमेकांपासून अंतर राखावें. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावें. आणि कोणी पडला असेल तर त्याला शिवण्यास भिऊं नये. त्याच्या अंगांत वीज सांठून राहत नाहीं. श्वास व नाडी बंद असेल तर छातीवर दाब देण्याचा उपचार तात्काळ सुरू करावा. उशिरानें केलेल्या हळहळीपेक्षां त्या दोन-चार मिनिटांची किंमत मोठी आहे.

हाच नियम शहरांतल्या रस्त्यालाहि लागू आहे. पावसांत विजेची तार तुटून जमिनीवर पडली असेल तर तिच्याभोंवतींहि तसाच लहानसा डोंगर उभा असतो. तेथून लांब टांगा टाकीत पळणें म्हणजे उतार पायांत घेणें होय. पाय जुळवून, न उचलतां, सरकत सरकत दूर जावें आणि इतरांस अडवावें.

शेवटीं अरण्याच्या कडेच्या एका दुःखाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. रानडुकरांपासून पीक वांचविण्यासाठीं शेताभोंवतीं उघडी तार लावून तींत घरगुती वीज सोडण्याचा प्रघात कांहीं ठिकाणीं आहे. ह्या तारेची उंची जेमतेम २३० व्होल्ट. पण ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या प्राण्याचें अंग तिला लागलें कीं तो सगळा फरक त्याच्या शरीरांत, सतत, अखंड उतरत राहतो. २०१७ च्या एप्रिलमध्यें नागभीड तालुक्यांत श्रीनिवास नांवानें ओळखला जाणारा तरुण वाघ अशाच तारेनें मेला. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत, ब्रह्मपुरीच्या जंगलांतून हलविलेली एक वाघीण वर्धा जिल्ह्यांत तशीच गेली. अशा तारेनें माणसेंहि मेलीं आहेत, आणि कित्येकदां तो तार लावणाराच असतो. उलट, मान्य बनावटीच्या सौर कुंपणाचा विभव कित्येक हजार व्होल्टांचा असतो, तरी तें मारीत नाहीं. कारण त्याचा ठोका सेकंदाच्या अगदीं अल्प अंशापुरता येतो आणि त्यामागें सांठा फार थोडा असतो. जनावर दचकून मागें फिरतें. शेतकऱ्याचें पीक खरें आहे आणि त्याचें नुकसानहि खरें आहे. त्याला दटावण्यापेक्षां असें कुंपण त्याच्या हातीं लवकर पोंचविणें हें अधिक उपयोगाचें.

विजेच्या खांबावर कवटीचें चित्र आणि त्याखालीं मोठा आंकडा लिहिलेला असतो. त्या आंकड्याचा धाक असावा. परंतु त्याबरोबर एक प्रश्नहि मनांत उठावा: हा आंकडा कोणत्या दोन जागांमधील आहे, त्या दोन जागा एकमेकींपासून किती दूर आहेत, आणि त्यांच्यामध्यें उभें कोण आहे? रोवणीच्या चिखलांत उभ्या असलेल्या बाईला हा प्रश्न पाऊस येण्याआधीं विचारतां आला, तर पदार्थविज्ञानाचा हा लहानसा धडा शाळेबाहेरहि कामीं आला असें म्हणतां येईल.